हरित उपकर लिटरमागे किती, ते पावतीवर छापा

मा. संपादक,

इंधनाचे दर वाढले की गोव्यात सगळा राग प्रथम निघतो तो पेट्रोलपंपावर नळी हातात धरून उभ्या असलेल्या मुलावर आणि त्याच्या मालकावर. त्यात आता ‘पर्यावरणाच्या नावाने कर लावायचा आणि त्याच्या आडून विक्रेत्यांनी खिसे भरायचे’ असे बोलणे म्हापशाच्या बाजारापासून फोंड्याच्या बसस्थानकापर्यंत कानावर येते. हा संशय मला निराधार वाटत नाही. परंतु तो चुकीच्या माणसावर घेतला जात आहे, आणि योग्य ठिकाणी तो पोहोचू नये अशीच आपल्याकडील दर जाहीर करण्याची पद्धत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गोव्यात इंधनावर प्रदूषणापोटी आकारणी होते, ही गोष्टच अनेकांना ठाऊक नसते. २०१३ साली आपल्या विधानसभेने प्रदूषण करणाऱ्या पदार्थांवर उपकर बसवणारा कायदा केला. तो ‘हरित उपकर’ म्हणून ओळखला जातो. कार्बनचा भार कमी करण्यासाठी उपाय योजणे हा हेतू त्या कायद्यातच नमूद आहे, आणि उपकराची कमाल मर्यादा दोन टक्के आहे. पेट्रोल आणि डिझेल यांवर प्रत्यक्षात तो अर्धा टक्का आकारला जातो, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाचे राज्यवार तक्ते सांगतात. राज्याचा कर लागण्यापूर्वीची रक्कम लिटरमागे पंचाहत्तर ते ऐंशी रुपये धरली, तर हा उपकर चाळीस पैशांच्या आसपास येतो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आपण या वायूच्या एका टनामागे जेमतेम पावणेदोनशे रुपये हरित उपकर भरतो. याउलट, एप्रिल २०२५ मधील वाढीनंतर केंद्राचे एकूण उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झाले. त्यात रस्ते व पायाभूत सुविधांचा उपकर पाच रुपये आणि शेती पायाभूत सुविधांचा उपकर अडीच रुपये आहे. या रकमांशेजारी ठेवून पाहिले तर पर्यावरणाच्या नावाची आपल्याकडील रक्कम किती लहान आहे, हे कोणाच्याही लक्षात यावे. तरीही महागाईचे खापर फोडायला ती पुरते, कारण ती नेमकी किती आहे हे गिऱ्हाइकाला कुठेच लिहिलेले दिसत नाही.

आता पंपमालकाकडे वळू. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. त्यामुळे प्रत्येक पंपमालक आपल्या मर्जीने दर ठरवतो, असा समज पसरला आहे. पण सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवरील किरकोळ दर कंपनीच ठरवते. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत सुरू झाली, आणि तो पंपापर्यंत येतो तो कंपनीकडूनच. डिचोलीच्या आणि पणजीच्या दरांत जो काही पैशांचा फरक दिसतो, तो मुख्यतः वाहतूक खर्चाचा असतो. पंपमालकाचे कमिशनही कंपनीच ठरवते. ते सात वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढले, आणि पेट्रोलवर आज ते लिटरमागे साधारण चार रुपयांच्या घरात आहे. त्यातूनच कामगारांचे पगार, विजेचे बिल, बाष्पीभवनाची घट आणि कार्डाने व्यवहार होणाऱ्या यंत्रांचा खर्च निघतो. हरित उपकराच्या नावाखाली आणखी पन्नास पैसे आकारायचे त्याने मनात आणले, तरी फलकावरच्या दरापेक्षा जास्त घेणे त्याला शक्य नाही.

पंपावर फसवणूक होतच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ती होते ती मापात, आणि ‘साधे पेट्रोल संपले आहे’ असे सांगून महागडे पेट्रोल गळ्यात मारण्यात. पहिल्या प्रकारावर उपाय आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. प्रत्येक पंपावर वजनमापे खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक असून, शंका आल्यास कोणीही ग्राहक आपल्या डोळ्यांदेखत त्यात इंधन ओतून दाखवायला सांगू शकतो. पेट्रोलमध्ये भेसळीचा संशय असेल तर गाळणीकागदाची चाचणीही मागता येते. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाच्या हातात फारसे काही नसते, विशेषतः सुट्टीच्या दिवसांत, जेव्हा किनारी भागात भाड्याच्या दुचाक्यांची पंपावर रांग लागलेली असते. या दोन्ही गोष्टींवर खात्याने लक्ष ठेवलेच पाहिजे. पण त्या दरवाढीच्या कथा नव्हेत, आणि कार्बनच्या आकारणीशी त्यांचा काहीही संबंध नाही.

संशयाची खरी जागा पंपाच्या एक पायरी वर आहे आणि एक पायरी खाली. वरची पायरी म्हणजे कंपन्या आणि सरकारे. २०२० च्या मार्चमध्ये जगात कच्च्या तेलाचे भाव कोसळू लागले तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे तीन रुपयांनी वाढवले, आणि मे महिन्यात पुन्हा पेट्रोलवर दहा व डिझेलवर तेरा रुपयांनी. स्वस्ताईचा सगळा लाभ तिजोरीत गेला. ग्राहकापर्यंत आला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये कमी केले, गोवा सरकारने आपल्या वाट्याचे सात रुपये सोडले, आणि पेट्रोल बारा, तर डिझेल सतरा रुपयांनी उतरले. ते चांगले झाले. मात्र त्यानंतर दर रोज बदलण्याच्या या पद्धतीत साडेचार महिने एकही बदल झाला नाही; आपल्या विधानसभेची निवडणूक १४ फेब्रुवारी २०२२ रोजी होऊन निकालही लागले, आणि २२ मार्चपासून जेमतेम पंधरवड्यात लिटरमागे दहा रुपये वाढले. पुढे २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांचा एकत्रित नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला. आदल्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत त्यांनी नुकसान सोसले होते हे खरे आहे, आणि ते भरून काढण्याचा त्यांना हक्कही आहे. पण भरपाई कुठे संपली आणि नफेखोरी कुठे सुरू झाली, हे सांगणारा एकही आकडा पंपावरच्या फलकावर नव्हता.

राज्यातही तेच. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट वीस टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे अकरा रुपये एका दिवसात कमी झाले, हे गोव्यातला प्रत्येक दुचाकीस्वार अजून सांगतो. पुढे तो कर पायरीपायरीने परत चढत गेला, त्याची मात्र कोणाला तारीख सांगता येत नाही. जून २०२४ मधील वाढीनंतर पेट्रोलवरील व्हॅट साडेएकवीस टक्के आणि डिझेलवरील साडेसतरा टक्के झाला. हा कर टक्केवारीने लागतो आणि त्याच्या आधारात केंद्राचे शुल्कही धरलेले असते; म्हणजे कच्चे तेल महागले किंवा केंद्राने शुल्क वाढवून ते ग्राहकावर टाकले, की राज्याने काहीही न करता राज्याचे उत्पन्न वाढते. हरित उपकरही टक्केवारीनेच लागतो, आणि ही गोष्ट मला तत्त्वतः चुकीची वाटते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर होणारे प्रदूषण त्याच्या भावानुसार बदलत नाही. मग प्रदूषणापोटीची आकारणी भावानुसार का बदलावी? ती लिटरमागे ठरावीक पैशांत असली पाहिजे.

खालच्या पायरीबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण सामान्य माणसाच्या घरखर्चाला खरा खड्डा तिथे पडतो आणि तिथे कोणी हिशेब विचारत नाही. आपली बहुतेक भाजी बेळगावहून चोर्ला घाट उतरून येते. डिझेल वाढल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवर किलोमागे पाच-दहा रुपये चढतात आणि कारण विचारले की उत्तर मिळते, ‘‘डिझेल म्हारग जालां न्हय!’’ आता हिशेब करून पाहू. आठ टन भाजी भरलेला ट्रक बेळगावहून म्हापशाला येऊन रिकामा परत जातो, तेव्हा तो अडीचशे किलोमीटर चालतो असे धरू. लिटरमागे पाच किलोमीटर धरले तर पन्नास लिटर डिझेल लागते. डिझेल एकदम पाच रुपयांनी वाढले, तर त्या फेरीचा खर्च अडीचशे रुपयांनी वाढतो. तो आठ हजार किलोंवर वाटला तर किलोमागे तीन पैशांच्या आसपास येतो. ट्रक सोडा, दीड टनाची लहान पिकअप घेतली आणि तिला लिटरमागे दहा किलोमीटर धरले, तरी वाढ किलोमागे आठ-नऊ पैशांपलीकडे जात नाही. घाटातली चढण, खराब रस्ता, थांबे, दलाली हे सर्व धरून हा आकडा तिप्पट केला तरी तो चार आण्यांच्या वर जाणार नाही. मग उरलेले पैसे कशाचे? पाऊस, आवक, लग्नसराई, चतुर्थी यांमुळे भाव वाढतात हे मान्य. ते कारण उघड सांगावे. पण डिझेलचे नाव घेऊन किलोमागे दहा रुपये वाढवणे हा सरळ खोटेपणा आहे, आणि हरित उपकराचे नाव घेतले तर तो खोटेपणा आणखी मोठा होतो, कारण अर्ध्या टक्क्याच्या उपकराने किलोवर पडणारा भार पैशातही मोजता येणार नाही इतका थोडा आहे.

सर्वांना एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. ट्रॉलरवाल्याच्या फेरीत सर्वांत मोठा खर्च डिझेलचा असतो, आणि मासळी मिळो न मिळो, तो करावाच लागतो. आपल्या मोटारसायकल पायलटांचे, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांचेही तसेच आहे. दहा किलोमीटरच्या भाड्याला येण्या-जाण्याचे मिळून सुमारे चारशे मिलिलिटर पेट्रोल जात असेल, तर पाच रुपयांच्या दरवाढीने त्याच्या त्या फेरीत दोन रुपये जादा खर्च होतात. त्याने दोन-तीन रुपये वाढवून मागितले तर ते रास्तच आहे. खासगी बसमालकांची भाडेवाढीची मागणीही मी सरसकट चूक म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो एकाच दिशेने चालणाऱ्या हिशेबाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिझेल सतरा रुपयांनी उतरले, त्या आठवड्यात वाहतुकीच्या खर्चावर आधारलेला बाजारातला एकही दर खाली आलेला मी पाहिला नाही. दर चढला की दुसऱ्या दिवशी, आणि उतरला की कधीच नाही, ही पद्धत ज्या बाजारात मुरली आहे तिथे उद्या नवी कार्बन आकारणी आली तर तिचे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि ती येण्याची शक्यता आहे. केंद्राने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त कार्बन सोडणाऱ्या उद्योगाला क्रेडिट विकत घ्यायला लावणारी योजना, अधिसूचित केली आहे, आणि तिच्यासाठी निवडलेल्या उद्योगांत तेलशुद्धीकरणही आहे. तिचा खर्च शुद्धीकरण कारखान्याच्या हिशेबात मिसळून खाली आला, तर तो किती आणि त्यात भर कोणी घातली, हे ग्राहकाला कधीच कळणार नाही.

इतर देशांनी या प्रश्नाला कसे तोंड दिले, ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१२ रोजी कार्बनवर किंमत लावण्यात आली. खासगी वाहनांच्या पेट्रोलला तर त्यातून वगळलेच होते. तरीही दुकानदार तिचे निमित्त करतील हे ओळखून तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने आधीच बजावले होते की, कार्बन करामुळे दर वाढला असे खोटे सांगणाऱ्या व्यावसायिकाला अकरा लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. एका मोठ्या बेकरी साखळीच्या वरिष्ठांनी आपल्या दुकानदारांना, भाव वाढवा आणि दोष कार्बन करावर जाऊ द्या, अशा अर्थाची सूचना पाठवली होती. ती उघड झाली आणि कंपनीला आयोगापुढे लेखी हमी द्यावी लागली. तो कर २०१४ मध्ये रद्द झाला, पण निमित्त करणाऱ्याला जाब विचारता येतो हे त्यातून दिसले. कॅनडात ग्राहकांच्या इंधनावरील कार्बन आकारणी १ एप्रिल २०२५ पासून उठवण्यात आली. पेट्रोलवर ती लिटरमागे १७.६ सेंट होती, आणि हा आकडा जाहीर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी आपल्या पंपावर तेवढा दर उतरला की नाही, हे तेथील कोणताही नागरिक फलकावर पाहून स्वतः ठरवू शकत होता. आपला हरित उपकर उद्या रद्द झाला, किंवा दुप्पट झाला, तर गोव्यात असा पडताळा कोण आणि कसा घेणार?

आपल्याकडे नफेखोरीविरोधी तरतूद नव्हती असे नाही. वस्तू व सेवा कर आला तेव्हा करकपातीचा लाभ ग्राहकाला न देणाऱ्यांविरुद्ध तक्रार करण्याची सोय कायद्यात केली होती. पण पेट्रोल आणि डिझेल त्या कराच्या बाहेर असल्याने त्यांना ती कधी लागूच झाली नाही, आणि एप्रिल २०२५ पासून त्या तरतुदीखाली नव्या तक्रारी घेणेही बंद झाले.

पैसे कुठे जातात हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे, कारण लोक कर भरायला तयार असतात ते त्याचा उपयोग दिसला तर. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे पन्नास रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला. तो २०१६ पर्यंत चारशे रुपयांवर गेला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी वेगळा निधी उभारायचा होता. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले, त्यांपैकी २९ हजार कोटींच्या आसपास त्या निधीत गेले, आणि त्यातलेही १६ हजार कोटींहून कमीच प्रकल्पांवर लागले; पुढे तो उपकर राज्यांच्या वस्तू व सेवा कर भरपाईकडे वळवण्यात आला. हा इतिहास समोर असताना गोव्याच्या हरित उपकराबद्दल लोकांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करायची असेल, तर सरकारने आधी हिशेब मांडला पाहिजे. त्या चाळीस पैशांतून वास्कोच्या कोळशाच्या धुळीवर काय उपाय झाला, राज्याच्या कदंब परिवहन महामंडळाकडे किती विजेच्या बस आल्या, की सर्व रक्कम सामान्य महसुलात विरून गेली, हे विचारण्याचा अधिकार ते पैसे देणाऱ्याला आहे.

हरित उपकर रद्द करा, असे मी म्हणत नाही. मुरगाव बंदराच्या आसपास राहणाऱ्या लोकांच्या दारा-खिडक्यांवर वर्षानुवर्षे बसणारी काळी धूळ, म्हावळिंगे-खांडेपारच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांनी एके काळी उडवलेली लाल माती, आणि आता मुख्य रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ थिजलेली वाहने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना धूर सोडणाऱ्याने काही भरले पाहिजे हे पटवून द्यावे लागत नाही. मीही ते भरायला तयार आहे. मला हवी आहे ती पावती.

राज्य सरकारला हे फारसे अवघड नाही. पंपावरच्या फलकावर आणि यंत्रातून निघणाऱ्या पावतीवर मूळ किंमत, केंद्राचे शुल्क, पंपमालकाचे कमिशन, राज्याचा व्हॅट आणि हरित उपकर या रकमा लिटरमागे रुपया-पैशांत वेगवेगळ्या छापण्याबद्दल राज्याने तेल कंपन्यांकडे आग्रह धरावा; निदान व्हॅट आणि हरित उपकर हे राज्याच्या स्वतःच्या अधिकारातील दोन आकडे उद्यापासून जाहीर करायला कोणाची परवानगी लागत नाही. उपकराची जमा आणि त्यातून झालेला खर्च यांचे विवरण दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधानसभेत स्वतंत्रपणे मांडावे. बस आणि टॅक्सी यांची भाडी ठरवताना डिझेल किती वाढले म्हणजे भाडे किती वाढेल, आणि किती उतरले म्हणजे किती कमी होईल, याचे सूत्र आधीच प्रसिद्ध करावे. भाजीच्या बाबतीत फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवरील दर रोज ठरतातच. बेळगावहून येणाऱ्या मालाचा किलोमागचा वाहतूक खर्चही त्यांच्यासोबत फलकावर लिहिला, तर ‘डिझेल म्हारग’ झाल्याचे उत्तर मिळाल्यावर गिऱ्हाइकाला बोट दाखवायला काहीतरी राहील. येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांपैकी एकाने तरी हरित उपकराच्या आजवरच्या जमाखर्चाबद्दल प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर आपल्या दैनिकाने आकड्यांसह छापावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
डिचोली, गोवा